टेनर सॅक्सोफोनचा माउथपीस निवडताना

शिकणाऱ्या मुलाच्या हाती टेनर सॅक्सोफोन येतो तेव्हा माउथपीस बहुधा वाद्याच्या पेटीतलाच असतो. यामाहाच्या वाद्यांसोबत मिळणारा '४ सी' हा त्यातला सर्वांत ओळखीचा, आणि पहिली दोन-तीन वर्षं तो चांगली साथ देतो. पुढे ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या वरच्या ग्रेड येतात, रावेलच्या १९२८ सालच्या 'बोलेरो'मधला टेनरचा एकल भाग वाजवावासा वाटू लागतो, आणि मग उणिवा जाणवतात. हळू वाजवलं की खालचे सूर लागत नाहीत, जोरात वाजवलं की आवाज पसरट होतो. अशा वेळी नवं वाद्य घेण्याआधी माउथपीस बदलून पाहावा. खर्च बराच कमी होतो आणि फरक लगेच कळतो.

त्याआधी एक खात्री करून घ्यायची. खालचे सूर न लागण्याचं कारण पुष्कळदा माउथपीसमध्ये नसून गळक्या पॅडमध्ये असतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात चामड्याची पॅड ओल धरतात, मग नीट बसत नाहीत. अंधाऱ्या खोलीत वाद्याच्या नळीत छोटा दिवा सोडावा आणि चाव्या हलकेच दाबाव्यात. पॅडच्या कडेने उजेडाची रेघ दिसली तर आधी दुरुस्तीवाल्याकडे जावं.

आता माउथपीसकडे वळू. त्याच्या सपाट पाठीवर वेताची रीड लिगेचरने आवळलेली असते. पुढे ही पाठ किंचित वळत जाते, त्यामुळे टोकाशी रीड आणि माउथपीस यांच्यात फट राहते. फुंकर घातली की रीड ही फट सतत उघडते आणि मिटते. टेनरच्या सर्वांत खालच्या सुराला ही उघडझाप सेकंदाला सुमारे १०४ वेळा होते. फट मोठी असेल तर रीड हलवायला दम जास्त लागतो आणि ओठांनाही जास्त आवळावं लागतं. जॅझ वाजवणारे २.५ मिलिमीटरच्या पुढची फट पसंत करतात, अभिजात वादनासाठी ती साधारण १.७ ते २ मिलिमीटर असते. वाढत्या वयाच्या मुलासाठी या पट्ट्याच्या खालच्या बाजूनेच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. मोठी फट घेतली की मूल ती दातांनी चावून लहान करतं, आणि ही सवय पुढे मोडता मोडत नाही.

फटीपेक्षाही माउथपीसच्या आतल्या पोकळीकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. सॅक्सोफोनची नळी शंकूच्या आकाराची असते. शंकूचं टोक तोंडात धरता येत नाही, म्हणून ते छाटलेलं असतं. त्या छाटलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती, साधारण तेवढी जागा माउथपीसने भरून द्यायची असते. ही जागा कमी पडली तर वरच्या सप्तकातले सूर चढतात, जास्त झाली तर उतरतात. माउथपीस कॉर्कवर पुढे-मागे सरकवून थोडंफार सावरता येतं, पण कॉर्कची लांबी संपली की तो उपायही संपतो. मूल वरच्या सप्तकात बेसूर होतं म्हणून त्याच्या कानाला दोष देण्याआधी हे आठवावं. आवाजाचा पोतही इथेच ठरतो. १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचं पेटंट घेणाऱ्या अ‍ॅडॉल्फ साक्सने आपल्या माउथपीसची पोकळी मोठी आणि गोल ठेवली होती, कारण त्याला भरदार, मऊ आवाज हवा होता. जिथे रीडसमोरचं छत उंच आणि पोकळी अरुंद, तिथे आवाज धारदार होतो. बँडमध्ये तो चालतो, सॅक्सोफोन क्वार्टेटमध्ये मात्र खटकतो.

अभिजात वादनासाठी वर्षानुवर्षं घेतली जाणारी नावं थोडीच आहेत. सेल्मरचा 'एस ८० सी स्टार' चौकोनी पोकळीचा आहे आणि कितीतरी शिक्षक तोच सांगतात. सेल्मरच्याच 'कन्सेप्ट'ची पोकळी गोल. व्हँडोरेनच्या ऑप्टिमम मालिकेत 'टीएल ३' सर्वांत बंद फटीचा, त्याच्यापुढे 'टीएल ४'. हे आकडे त्या त्या कंपनीपुरतेच खरे असतात. एकाचा ४ आणि दुसऱ्याचा ४ यांची तुलना करू नये, फट मिलिमीटरमध्येच विचारावी.

दुकानात जाताना वाद्य सोबत न्यावं, आणि मुलाच्या सवयीच्या, बऱ्यापैकी रुळलेल्या दोन-तीन रीडही. प्रत्येक माउथपीसवर तीच रीड लावावी, नाहीतर फरक कशाचा ते कळणारच नाही. मॉडेल ठरलं तरी त्याचे दोन-तीन नग मागावेत, कारण एकाच मॉडेलचे नगही तंतोतंत सारखे नसतात. आधी माउथपीस उजेडासमोर धरून टोकाकडून पाहावं, दोन्ही कडा सारख्या जाडीच्या हव्यात. मग रीड लावून मागचं तोंड तळव्याने बंद करावं, पुढून हवा ओढून घ्यावी आणि तोंड बाजूला करावं. रीड क्षणभर चिकटून राहिली आणि मग 'पट्' असा आवाज करून सुटली, तर ती पाठीवर नीट बसते आहे.

त्यानंतर वाजवणं. वेगवान ताना वाजवून काहीच कळत नाही. सर्वांत खालचा सूर जमेल तितका हळू, जिभेचा धक्का न देता सुरू करायला सांगावं. तो श्वासासरशी उमटला, घोगरला नाही, तर अर्धं काम झालं. मग तोच सूर तसाच धरून हळूहळू मोठा करावा आणि पुन्हा बारीक करावा. शेवटी मधला सूर आणि त्याच्या वरच्या सप्तकातला सूर जोडून वाजवावेत, समोर ट्यूनर ठेवून. ऐकणाऱ्याने निदान आठ-दहा पावलं लांब उभं राहावं. वाजवणाऱ्याच्या कवटीतून जाणारा आवाज वेगळा असतो, त्यावरून त्याने एकट्याने ठरवू नये.

एबोनाइटचा माउथपीस कधी गरम पाण्याने धुऊ नये, उन्हातही ठेवू नये. त्याचा रंग हिरवट होतो आणि गंधकाचा वास सुटतो. कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरतं. फट लहान झाली तर रीड अर्ध्या नंबरने जड लागण्याची शक्यता असते, तेव्हा तीही आधीच आणून ठेवावी. आणि परीक्षा महिन्यावर आली असेल तर ती जुन्याच माउथपीसवर द्यावी, नवा माउथपीस सुट्टीत सुरू करावा.