चेनसॉ हलकी हवी, पण किती?

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीतल्या अनेक बागा आडव्या केल्या. अशी पडझड आवरायला कोयता-कुऱ्हाड अपुरी पडते. साखळीची करवत, म्हणजे चेनसॉ लागते. घेताना आधी वजन पाहा. हात थकले की पकड सैल होते आणि अपघात होतात.

बागेच्या नेहमीच्या कामाला 35 ते 40 सीसीचे पेट्रोल इंजिन आणि 14 ते 16 इंची पाते पुरते. पाते-साखळी सोडून अशा चेनसॉचे वजन 4 ते 5 किलो भरते. उगाच लांब पाते घेतले, तर तोल पुढे जातो आणि छोट्या इंजिनावर ताण येतो. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. 50:1 प्रमाण सांगितले असेल, तर लिटरला 20 मिली. नुसती फांद्यांची छाटणी असेल, तर बॅटरीची चेनसॉ बरी. तिला धूर नाही, आवाजही कमी. मात्र जोडीला जादा बॅटरी ठेवा.

खरा धोका उसळीचा. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की धावती साखळी अडते. तिचा जोर उलटतो आणि क्षणात पाते चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. म्हणून चेन ब्रेक आणि कमी उसळीची साखळी हवीच.

हेल्मेट, चष्मा, कानपट्टी आणि पायांचे संरक्षक कपडे यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरा. उभे झाड तोडायचे असेल, तर आधी परवानगीची चौकशी करा. आणि शिडीवर चढून चेनसॉ कधीही चालवू नका.