प्रश्नावलीत न मावणारी जंगलवाट

काल घरातील प्रत्येक व्यक्ती कोठे, कशासाठी, कशाने गेली आणि किती वेळ लागला, एवढेच प्रवास-सर्वेक्षणात विचारले जाते. मुंबई महानगर प्रदेशात २००५ ते २००८ या काळात झालेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात सुमारे ६६ हजार कुटुंबांकडून अशी माहिती घेण्यात आली. लोकलच्या या महानगरातही निम्म्याहून अधिक फेऱ्या पायीच होतात, असे त्यातून निष्पन्न झाले. तिकीटविक्रीच्या आकड्यांवरून हे कधीच कळले नसते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र हीच प्रश्नावली नेली, तर बराचसा प्रवास तिच्यातून निसटतो.

२०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि तेथे जाण्याचे साधन विचारले गेले होते. पायी, सायकल, मोटारसायकल, बस, रेल्वे, इतकेच काय, जलवाहतूक असेही पर्याय त्यात होते. परंतु हा प्रश्न फक्त 'इतर काम करणाऱ्यां'साठी होता. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगांत काम करणारे त्यातून वगळलेले होते. बल्लारपूरचा कागद कारखाना, कोळसा खाणी किंवा चंद्रपूरचे वीज केंद्र येथील कामगारांची ये-जा या तक्त्यात येते. गडचिरोलीत १० लाख ७२ हजार लोकसंख्येपैकी जेमतेम ११ टक्के शहरी. तेथील बहुसंख्य कष्टकऱ्यांना हा प्रश्न लागूच होत नव्हता.

त्यातच जंगलातील प्रवास हंगामी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला उजाडण्यापूर्वी निघावे लागते. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, एरवी सरपण. ही फेरी घरापासून सुरू होऊन घरीच संपते, मधे ठरावीक मुक्कामाचे ठिकाण नसते. 'कोठून कोठे' या रकान्यात काय लिहावे, असा प्रश्न प्रगणकाला पडणारच.

ही केवळ कागदी अडचण नाही. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडण्यास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. कोणत्या गावातून, किती वाजता, कितीजणी मिळून, कोणत्या वाटेने जंगलात शिरतात, याची घरनिहाय नोंद असेल तर गस्त कोठे आणि केव्हा हवी, सरपणाला पर्यायी इंधन आधी कोणत्या वस्तीला द्यावे, हे ठरवता येते. हल्ल्यानंतरच्या पंचनाम्यातून फक्त घटनास्थळ कळते. रोजची वाट कळत नाही.

दुसरी उणीव न झालेल्या प्रवासाची आहे. भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की जुना पूल पाण्याखाली जाऊन तालुक्याचा संपर्क तुटल्याच्या घटना वर्षानुवर्षे घडत आल्या आहेत. अशा दिवशी सर्वेक्षण केले, तर 'प्रवास नाही' एवढीच नोंद होईल आणि येथे बसची गरज नाही, असा उफराटा निष्कर्षही कोणी काढू शकेल. म्हणून 'कोठे गेलात' याबरोबरच 'कोठे जायचे होते आणि का जाता आले नाही' हेही विचारावे लागते. दवाखाना, रेशन दुकान, आठवडी बाजार, शाळा यांची नावे घेऊन विचारल्यास आठवण अधिक नेमकी होते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाने या बाबतीत बरीच मोकळी पद्धत स्वीकारली होती. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासात मांडायचे. त्यात सरपण आणणे, पाणी भरणे ही कामेही येतात. मात्र त्यात वेळ मोजला जातो, वाट नव्हे. शिवाय नमुना देश व राज्य पातळीवरील चित्रासाठी बेतलेला असल्याने एखाद्या तालुक्याची बस किंवा गस्त त्यावरून आखता येणार नाही.

जंगलपट्ट्यासाठी तीच चोवीस तासांची मांडणी घेऊन तिला वाटेचा रकाना जोडणे, आणि उन्हाळ्यात एकदा व पावसाळ्यात एकदा त्याच घरी जाणे, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग दिसतो. खर्च वाढेल, हे खरे. उत्तर मात्र घरातील बाईकडूनच घ्यायला हवे, आणि तेही तिच्या माडिया किंवा गोंडी बोलीत. ओसरीवर बसलेल्या कर्त्या पुरुषाने 'ती घरीच असते' असे सांगितले, की तिची पहाटेची फेरी नोंदीतून वगळली जाते.