तिबेटचे पठार उंच का आणि सपाट का?

भूगोलाच्या शिक्षकांशी बोलताना आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. भारताच्या धडकेने हिमालय वर आला, हे मुलांना पटते. पण त्यामागचे सुमारे २५ लाख चौरस किलोमीटरचे, सरासरी ५ किलोमीटर उंचीचे तिबेटचे पठार कसे झाले? आपले दख्खनचे पठार लाव्हाचे थर साचून बनले. तिबेटची गोष्ट निराळी आहे.

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आशियाला भिडला. आजही तो आशियाच्या तुलनेत वर्षाला सुमारे ४ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. या रेट्याने भूकवचाला घड्या पडतात, खडकांचे थर तुटून एकमेकांवर चढतात. कवच आखूड होते, म्हणून जाड होते. खंडांचे कवच एरवी सुमारे ३५ किलोमीटर जाड असते. तिबेटखाली ते सुमारे ७० किलोमीटर आहे.

जाडीचा उंचीशी संबंध काय? एकाच लाकडाचे दोन रुंद ठोकळे पाण्यात सोडा. एक दुसऱ्याच्या दुप्पट जाड असावा. जाड ठोकळा पाण्याबाहेर अधिक दिसतो आणि पाण्यात अधिक बुडतोही. कवचही अधिक घनतेच्या प्रावरणावर असेच तरंगते. कवचाची घनता २.८ व प्रावरणाची ३.३ धरू. जादा ३५ किलोमीटरपैकी वर राहणारा भाग असा :

३५ × (३.३ − २.८) ÷ ३.३ = सुमारे ५.३ किलोमीटर

फळ्यावरचे हे साधे गणित तिबेटच्या उंचीच्या किती जवळ येते! उरलेले सुमारे ३० किलोमीटर म्हणजे खाली गेलेले मूळ. भारताच्या सर्वेक्षणात हिमालयाकडे ओळंबा अपेक्षेपेक्षा कमी कलला, तेव्हा जॉर्ज एअरी यांनी १८५५ साली अशा मुळांची कल्पना मांडली होती.

मग रेटा चालू असताना तिबेट उंचच उंच का होत नाही? कारण खोलवरचा खडक तापून मऊ झालेला असतो. एका मर्यादेनंतर पठार स्वतःच्या वजनानेच बाजूंना पसरू लागते. पठारावरील उत्तर-दक्षिण भेगा या पूर्व-पश्चिम ताणाच्या खुणा आहेत. आता वाढ होते ती मुख्यतः कडांना. ईशान्येकडील चिलियन पर्वत आजही उचलला जात आहे.

सपाटपणाचे श्रेय मात्र बरेचसे पावसाच्या अभावाला आहे. हिमालय मोसमी वारे अडवतो. आतल्या भागातील नद्या समुद्रापर्यंत न जाता खाऱ्या सरोवरांत संपतात. त्यांचा गाळ तिथेच साचून खोलगट भाग भरतात. कडांना ब्रह्मपुत्रेसारख्या नद्या खोल घळ्या कोरतात, पण आतला गाळ सुरक्षित राहतो.

शेवटी वर्गात हे करून पाहा. तरंगत्या ठोकळ्याचा वरचा थर कापून काढा. ठोकळा थोडा वर येईल. आपल्याच आकड्यांनी १ किलोमीटर खडक झिजला, तर खालचे मूळ सुमारे ८५० मीटर वर येते आणि सरासरी उंची फक्त १५० मीटर घटते. डोंगर झिजायला एवढा काळ का लागतो, याचे उत्तर विद्यार्थ्यांना त्या पातेल्यातच दिसेल.