विष रक्तात काय करते?

कपाशीवर अळी आली की आपण म्हणतो, "औषध मारायला पाहिजे." दुकानातून बाटली आणतो. पंपात पाणी भरतो, त्यात औषध ओततो आणि फवारणी सुरू करतो. आपण त्याला औषध म्हणतो खरे, पण बाटलीत असते ते विष. अळी त्याने मरते. मग माणसाला त्याचे काहीच होत नसेल का?

विषाची बाधा दोन तऱ्हेची असते.

एक बाधा लगेच दिसते. चक्कर येते, उलट्या होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, श्वास कोंडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना अशीच बाधा झाली. शेकडो माणसे दवाखान्यात गेली. वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. ही बाधा साऱ्यांच्या ध्यानात येते.

दुसरी बाधा दिसत नाही. ती दुखत नाही, खुपत नाही. ती रक्तात होते आणि वर्षानुवर्षे मुकाट राहते. आज आपण तिची माहिती करून घेऊ.

रक्तात काय असते?

रक्त नुसते तांबडे पाणी नव्हे. त्यात फार बारीक जिवंत कण असतात. त्यांना पेशी म्हणतात. त्या साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या बघायला सूक्ष्मदर्शक लागतो.

तांबड्या पेशी हमालाचे काम करतात. छातीत घेतलेली हवा त्या सगळ्या अंगाला पोचवतात. पांढऱ्या पेशी राखणदार असतात. रोगाचे जंतू अंगात शिरले की त्या त्यांच्याशी लढतात.

या पेशी तयार होतात कुठे? हाडांच्या आत मऊ मगज असतो. त्याला मज्जा म्हणतात. तिथे रात्रंदिवस नव्या पेशी तयार होतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. मग ती मोडते आणि नवी तिची जागा घेते.

पेशीतील दप्तर

ज्वारी पेरली तर ज्वारीच उगवते, बाजरी उगवत नाही. का बरे? दाण्याच्या आत सगळी माहिती साठवलेली असते. ताट किती वाढावे, कणीस कसे धरावे, हे सारे त्यात आधीच ठरलेले असते.

माणसाचेही तसेच आहे. आपल्या पेशीच्या मधोमध एक केंद्र असते. त्यात फार बारीक दोऱ्यांची गुंडाळी असते. या दोऱ्या ज्या पदार्थाच्या बनल्या आहेत, त्याला डीएनए म्हणतात. एका पेशीत अशा ४६ दोऱ्या असतात. २३ आईकडून येतात, २३ वडिलांकडून. त्या सगळ्या उलगडून एकापुढे एक ठेवल्या, तर सुमारे दोन मीटर लांबी भरेल. एवढी लांबी डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीत मावते!

पेशीने काय काम करावे, कधी वाढावे, कधी थांबावे, हे सारे या डीएनएवर लिहिलेले असते. तलाठ्याच्या दप्तरात गावच्या जमिनीची नोंद असते ना, तसेच हे पेशीचे दप्तर समजा.

रक्तातील तांबड्या पेशीत हे दप्तर नसते. तयार होतानाच ती आपले केंद्र टाकून देते. पांढऱ्या पेशीत मात्र ते असते. म्हणून डीएनएला इजा झाली आहे की नाही हे बघायचे असेल, तर डॉक्टर रक्तातील पांढऱ्या पेशी तपासतात.

विष काय बिघाड करते?

एका पेशीच्या दोन पेशी होताना आधी डीएनएची नक्कल तयार होते. आता समजा, दप्तरात दोन एकरांच्या जागी कुणी दोन गुंठे लिहिले. मग त्यावरून काढलेला प्रत्येक उतारा चुकीचाच निघणार. पेशीतही असेच होते. मूळ नोंद बिघडली तर तिच्या लेकी-नातींमध्येही तीच चूक उतरते.

विष ही नोंद तीन प्रकारे बिघडवते. काही विषे दोरीला चिकटून बसतात, मग तिथली अक्षरे नीट वाचता येत नाहीत. काही विषे दोरी तोडतात. काही विषांमुळे पेशीत जळजळीत कण तयार होतात. ठिणगीने धोतराला भोक पडावे, तसे ते कण डीएनएला जागोजागी पोळतात.

कुणी म्हणेल, "मग आपण इतकी वर्षे जगलो कसे?"

प्रश्न रास्त आहे. प्रत्येक पेशीत रफू करणारे कारागीर असतात. डीएनएची दोरी दोन पदरांची असते. एक पदर तुटला, तर कारागीर दुसरा पदर बघून तो सांधतात. असे हजारो सांधे ते रोज घालतात. पण दोन्ही पदर एकाच जागी तुटले, तर काम अवघड होते. विष रोज येत राहिले, तर कारागिरांचेही हात अपुरे पडतात. काही चुका तशाच राहून जातात.

चूक राहिली म्हणजे रोग झालाच असे नाही. पुष्कळ बिघडलेल्या पेशी आपोआप मरतात. पण एखादी पेशी ‘थांब’ ही आज्ञाच विसरते आणि बेसुमार वाढू लागते. हाच कर्करोग. मज्जेत असे झाले, तर त्याला रक्ताचा कर्करोग म्हणतात.

इस्तंबूलचे चांभार

ही नुसती कल्पना नव्हे. तुर्कस्तानात इस्तंबूल नावाचे मोठे शहर आहे. तिथे लहान लहान कारखान्यांत जोडे शिवणारे हजारो कारागीर होते. १९५५ ते १९६० च्या सुमारास तिथे नवा डिंक आला. चामडे त्याने पटकन चिकटे. पण त्या डिंकात बेंझीन नावाचा पातळ पदार्थ होता. तो हवेत लगेच उडतो. खोल्या लहान, हवा खेळती नाही. कारागीर दिवसभर तोच वास घेत काम करीत. वास गोडसर, म्हणून कुणाला भीती वाटली नाही.

पुढे डॉक्टर मुझफ्फर अक्सॉय यांना दिसू लागले की, रक्ताचा कर्करोग घेऊन येणाऱ्यांत जोडे शिवणारे फार आहेत. १९६७ ते १९७३ या काळात त्यांना असे २६ रोगी सापडले. शहरातील एकूण कारागीर सुमारे २८,५०० होते. हिशेब केला तेव्हा कळले की, इतर लोकांच्या मानाने हे प्रमाण दुपटीहून जास्त आहे. मग बेंझीनचा डिंक बंद झाला. पुढे असे रोगीही कमी होत गेले.

यातून दोन गोष्टी कळतात. विष शिरले आज, रोग दिसला काही वर्षांनी. आणि विष थांबवले, तर रोगही टाळता येतो.

शेंडेनक्षत्राची चाचणी

दोरी तुटली हे कळते कसे? त्यासाठी शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. १९८४ साली स्वीडन देशात तिची सुरुवात झाली. १९८८ साली नरेंद्र सिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी अमेरिकेत तिच्यात सुधारणा केली.

माणसाचे थोडे रक्त घेतात. त्यातील पेशी काचेच्या पट्टीवर खळीसारख्या पातळ थरात बसवतात. मग त्यातून वीज सोडतात. डीएनए शाबूत असेल तर तो जागीच गोल राहतो. तुटलेला असेल तर त्याचे तुकडे विजेच्या ओढीने एका बाजूला सरकतात. सूक्ष्मदर्शकातून बघितले, तर डोके आणि मागे शेपटी असे शेंडेनक्षत्र दिसते. शेपटी जितकी लांब, तितकी मोडतोड जास्त.

आपल्याकडे कीटकनाशके तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांचे रक्त असे तपासले गेले. त्याची माहिती २००३ साली प्रसिद्ध झाली. इतरांपेक्षा कामगारांच्या पेशींची शेपटी लांब निघाली. त्यांपैकी कितीतरी जण दिसायला धडधाकट होते! म्हणून "मला तर काही होत नाही" असे म्हणून भागत नाही.

मग करायचे काय?

डीएनए सांधून देणारी गोळी दुकानात मिळत नाही. विष अंगात जाऊच न देणे, हाच खरा उपाय.

फवारताना अंगभर कपडे घाला. हातमोजे घाला. नाका-तोंडावर मुखपट्टी बांधा. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. औषध हाताने ढवळू नका, लांब काठी घ्या. पंपाचे तोंड तुंबले तर तोंडाने फुंकू नका. फवारताना बिडी, तंबाखू, भाकरी काही नको. काम संपले की साबणाने आंघोळ करा. ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. कपडे धुणाऱ्या बाईच्या हातालाही ते विष लागते, हे विसरू नका. पोरांना आणि गरोदर बाईला फवारणीच्या शेतात नेऊ नका. रिकाम्या डब्यात तेल, पाणी, धान्य काही भरू नका.

पेट्रोलमध्येही थोडे बेंझीन असते. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका. त्याने हात धुऊ नका. बिडीच्या धुरातही बेंझीन असते. ते ओढणाऱ्याच्या अंगात जाते आणि शेजारी बसलेल्या पोराच्याही.

औषधाच्या बाटलीवर एक तिरका चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. तांबडा असेल तर विष सर्वांत जहाल. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा सर्वांत सौम्य, पण तेही विषच. हा रंग लगेच होणाऱ्या बाधेचा आहे. हळू होणारी बाधा त्यावरून कळत नाही. म्हणून रंग कोणताही असो, काळजी सारखीच घ्या. कुणाला बाधा झालीच, तर दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्या. कोणते विष आहे हे डॉक्टरांना त्यावरून कळते.

आता तुम्हाला अक्षर वाचता येते. बाटली उघडण्याआधी तिच्यावरचा कागद वाचा. आणि पंप ज्याच्या पाठीवर द्यायचा, त्या गड्याला वाचता येत नसेल, तर त्यालाही मोठ्याने वाचून दाखवा. रक्त त्याचेही तसेच आहे.