सातशेपासून पुढचे आकडे फेकून द्या

धार आणि देवास जिल्ह्यांत सोयाबीन काढणीला आले की निवडक शेतांत ठरावीक मापाचा, सहसा ५ मीटर बाजूचा, चौकोन आखून तेवढेच पीक कापतात, मळतात, तोलतात. या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीला पटवारी हलक्याच्या, म्हणजे एका पटवाऱ्याच्या हद्दीच्या, विमा भरपाईत मोठे वजन राहत आले आहे. म्हणूनच चौकोन कोणत्या खसऱ्यात (जमिनीच्या क्रमांकित तुकड्यात) पडावा हे ना पटवाऱ्याने ठरवायचे, ना विमा कंपनीने. ते यादृच्छिक आकड्याने ठरवायचे. पां. वा. सुखात्मे आणि इंदूरच्या संशोधन संस्थेत काम केलेले वि. गो. पानसे यांनी १९४०च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. पण आकडा निःपक्षपाती असला म्हणजे निवडही निःपक्षपाती झाली, असे मानणे घाईचे ठरेल. पक्षपात शिरतो तो बहुधा आकडा हव्या त्या मर्यादेत बसवताना.

समजा, गावात ३५० खसरे आहेत आणि हाती ० ते ९९९ मधला कोणताही आकडा येऊ शकतो. प्रोग्रामर सवयीने ३५०ने भागून बाकी घेतो. बाकी शून्य उरली तर ३५०वा खसरा. सोपे आणि चुकीचे. हजारात ३५० दोनदा पुरे बसतात, वर ३०० आकडे उरतात. त्यामुळे ३०० ते ३४९ या पन्नास खसऱ्यांना हजारात दोन संधी आणि बाकी सर्वांना तीन. शेजारचे खसरे जमिनीवरही बहुधा शेजारीच असतात. हे पन्नास नेमके हलक्या, मुरमाड जमिनीचे असले तर गावाचे सरासरी उत्पादन फुगते आणि भरपाई घटते. आकडेमोडीतली चूक अशी थेट मातीपर्यंत पोचते. उपाय नमुना-निवडीच्या पाठ्यपुस्तकांत फार पूर्वीपासून आहे: ७०० किंवा त्याहून मोठा आकडा आला तर तो टाकून पुन्हा काढा.

यावर कोणी म्हणेल, आजचा संगणक ३२ बिटांचा आकडा देतो, मग हा कीस कशाला? आक्षेप बराचसा खरा आहे. सुमारे ४२९ कोटी आकड्यांत ३५० खसरे वाटले तर प्रत्येकाला सव्वा कोटीच्या आसपास संधी मिळतात आणि फरक फक्त एका संधीचा उरतो. पण सी भाषेच्या प्रमाणकात यादृच्छिक आकडा देणाऱ्या ‘रँड’ची कमाल मर्यादा किमान ३२,७६७ असावी एवढीच अट आहे. तेवढ्यावर दहा हजार नावांची सोडत बाकी काढून केली, तर पहिल्या २,७६८ नावांना चार संधी आणि इतरांना तीन. हा फरक कोणत्याही तक्रारदाराला पुरेल. दुसरा आक्षेप वेळेचा: आकडे टाकतच राहिलो तर? आपल्या गावात दर वेळी आकडा बाद होण्याची शक्यता ३० टक्के; सलग दहा बाद होण्याची दहा लाखांत सहा. पायथनचे ‘रँडरेंज’ आणि जावाचे ‘नेक्स्टइंट’ ही फेकाफेक आतल्या आत करतात, म्हणून घरगुती बाकीपेक्षा तेच वापरावे. पटवारी निवडलेले शेत सोडून सोयीच्या शेतात गेला, तर मात्र यातले काहीच उपयोगाचे नाही. प्रयोगासाठी शेत कसे निवडले आणि तिथेच कापणी झाली का, हे हप्ता भरणाऱ्या शेतकऱ्याने जरूर विचारावे.