लहान मुलांची फटफटी : खेळ, यंत्र आणि शिस्त

घरात दुचाकी आली की घरातील मुलाचे लक्ष पुस्तकातून उडून तिच्या हँडलवर जाऊन बसते, हा अनुभव पालकांस नवा नाही. बाप गाडी पुसू लागला की पोर फडके घेऊन धावते. बाप गाडी सुरू करू लागला की किक मारण्याचा हट्ट धरते. या ओढीत वाईट असे काही नाही. परंतु ओढीला वळण नसेल तर ती मुलास कोठे नेईल, हे सांगवत नाही. पाश्चात्त्य देशांत व जपानात या ओढीला वळण देण्यासाठी एक वेगळेच यंत्र निर्माण झाले आहे. ते यंत्र म्हणजे मुलांच्या मोटोक्रॉस शर्यतीची हलकी टू-स्ट्रोक फटफटी. तिची माहिती आमच्या वाचकांस, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलांच्या आईबापांस, उपयोगी पडेल असे वाटल्यावरून आज हा विषय घेतला आहे.

मोटोक्रॉस म्हणजे काय?

मोटोक्रॉस ही डांबरी रस्त्यावरची शर्यत नव्हे. माळावर, टेकडीच्या उतारावर मातीचा बंदिस्त मार्ग आखतात. त्यात चढ, उतार, वळणे, उंचवटे व चिखल असतात, आणि त्यावरून ठरावीक वेळ फेऱ्या मारावयाच्या असतात. या खेळाचा उगम इंग्लंडमध्ये झाला. यॉर्कशायरमधील स्कॉट कंपनी टू-स्ट्रोक मोटारसायकली बनवीत असे. तिचे संस्थापक आल्फ्रेड स्कॉट यांनी १९१४ साली आपल्या कामगारांसाठी माळरानावरील एक कसोटी सुरू केली. तिच्या धर्तीवर १९२४ साली दक्षिणेत कॅम्बर्ली येथे जी शर्यत झाली, तीच या खेळाची पहिली शर्यत मानली जाते. पुढे फ्रेंच भाषेतील मोटारसायकलीचा शब्द व ‘क्रॉस-कंट्री’ यांची सांगड घालून ‘मोटोक्रॉस’ हे नाव रूढ झाले. १९५७ साली ५०० घन सेंटिमीटर वर्गाची जागतिक स्पर्धा सुरू झाली, १९६२ साली २५० ची, आणि १९७५ साली १२५ ची.

प्रथम या खेळात चार धावांची अवजड इंजिने असत. हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांनी त्यांना मागे टाकले, त्यात चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड गाड्यांचा वाटा मोठा आहे. बेल्जियमचा जोएल रोबेर हा तरुण १९६४ साली, अवघ्या विशीत, सीझेडवरून २५० वर्गाचा जगज्जेता झाला. सीझेडची भावंड असलेली जावा आमच्या वाडवडिलांच्याही परिचयाची आहे. १९६१ पासून ती म्हैसूर येथे बनू लागली, आणि तिचा आवाज अजून अनेकांच्या कानांत असेल.

यंत्राची रचना

मुलांच्या गाड्यांपैकी एकच उदाहरण घेऊ. यामाहा कंपनीची वायझेड-८० ही गाडी १९७४ साली निघाली. २००२ साली तिची जागा वायझेड-८५ ने घेतली. साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी ती आहे. इंजिन जेमतेम ८५ घन सेंटिमीटरचे, गियर सहा, पेट्रोलची टाकी पाच लिटरांची, आणि तेलपेट्रोलासह वजन ७३ किलोंच्या आसपास. पुढचे चाक १७ इंची व मागचे १४ इंची असते. उंच मुलांसाठी १९ व १६ इंची चाकांचीही गाडी मिळते. तिला दिवा नाही, भोंगा नाही, आरसा नाही. रस्त्यावर जाण्यासाठी ती जन्मलीच नाही.

टू-स्ट्रोक इंजिनाचे मर्म वाचकांस समजावून सांगणे अवघड नाही. जुनी बजाज स्कूटर, लूना, किंवा पाठीवर बांधण्याचा फवारणीचा यांत्रिक पंप ज्याने वापरला आहे, त्याने हे इंजिन हाताळलेच आहे. चार धावांच्या इंजिनात दट्ट्या दोन वेळा वर व दोन वेळा खाली गेल्यावर एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये दट्ट्या एकदा खाली व एकदा वर गेला की स्फोट झालाच. झडपा उघडणारे दांडे व कॅम यांची येथे गरज नसते. सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या दट्ट्या स्वतःच उघडतो व झाकतो. यामुळे इंजिन हलके, आटोपशीर व स्वस्त होते. दट्ट्याखालच्या पेटीतून पेट्रोल व हवा जात असल्यामुळे तेथे वेगळे वंगण ठेवता येत नाही. म्हणून पेट्रोलातच तेल मिसळावे लागते. शर्यतीच्या गाडीत साधारणतः तीस ते चाळीस भाग पेट्रोलास एक भाग तेल घालतात. हे मोजमाप चुकले व तेल कमी पडले, तर दट्ट्या सिलिंडरला चिकटून बसतो.

एवढ्याशा इंजिनातून शक्ती किती निघावी? आपल्याकडे १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स-१०० तरुणांत वेगाबद्दल प्रसिद्ध होती. तिच्या ९८ घन सेंटिमीटरच्या इंजिनातून ११ अश्वशक्ती मिळत असे. त्याहून लहान असलेल्या या पंच्याऐंशीच्या इंजिनातून त्याच्या दुपटीहून अधिक शक्ती निघते. हे कसे साधले, याची कथा मनोरंजक आहे.

पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन नावाचे अभियंते होते. टू-स्ट्रोकच्या धुराच्या नळीत आवाजाच्या लाटा पुढेमागे धावतात, हे त्यांनी ओळखले. नळी मध्ये फुगीर व शेवटी निमुळती केली, तर धुराबरोबर निसटू पाहणारे ताजे पेट्रोल परतलेली लाट पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. या युक्तीने त्यांनी १९६१ साली १२५ घन सेंटिमीटरच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे निसटला व जपानच्या सुझुकी कंपनीस जाऊन मिळाला. लगेच १९६२ साली सुझुकीने ५० घन सेंटिमीटर वर्गाचे जागतिक पद जिंकले. विद्या कोणाच्या घरी जन्मते आणि कोणाच्या घरी नांदते, हे असे असते. आज मुलांच्या गाडीखाली जी पोट सुटल्यासारखी नळी दिसते, ती काडेन यांच्याच युक्तीची आहे.

या नळीचा एक दोषही आहे. लाटेचा मेळ इंजिनाच्या ठरावीक गतीलाच बसतो. गती त्याहून कमी असेल तर गाडी मरगळल्यासारखी चालते, आणि मेळ बसताच एकदम उसळते. नवशिका मुलगा बहुधा या उसळीलाच फसतो. म्हणून २०१९ सालापासून वायझेड-८५ मध्ये धुराच्या खिडकीची उंची गतीप्रमाणे कमीजास्त करणारी एक झडप बसविली आहे. तिच्यामुळे शक्ती पायरीपायरीने वाढते. तरीही क्लच व गियर यांचा नेमका उपयोग मुलास शिकावाच लागतो. शिकलेला मुलगा इंजिनाच्या आवाजावरून गियर ओळखतो.

एका बापाचा शोध

उंचवट्यावरून उडी मारून खाली येणाऱ्या गाडीस चांगले स्प्रिंग हवेत. पूर्वी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन आखूड शॉक-अब्सॉर्बर असत. लुसियाँ टिल्केन्स या बेल्जियन प्राध्यापकाने आपल्या मुलाच्या मोटोक्रॉस गाडीसाठी खटपट करून आसनाखाली एकच लांब शॉक-अब्सॉर्बर बसविण्याची रचना शोधली. ती यामाहाने विकत घेतली. तिच्याच बळावर स्वीडनचा हाकान आंदेर्सन १९७३ साली २५० वर्गाचा जगज्जेता झाला. आज रस्त्यावरच्या पुष्कळ मोटारसायकलींत मागे एकच शॉक-अब्सॉर्बर दिसतो, त्यामागे एका बापाची आपल्या मुलाविषयीची काळजी आहे. मुलांच्या गाडीतही चाक सत्तावीस-अठ्ठावीस सेंटिमीटर खालीवर होऊ शकते.

पायरीपायरीने चढण

तिकडील समंजस पालक मुलास एकदम पंच्याऐंशीवर बसवीत नाहीत. आरंभ ५० घन सेंटिमीटरच्या गाडीने होतो. यामाहाची १९८१ साली निघालेली पीडब्ल्यू-५० ही अशीच गाडी आहे. तिला क्लच नाही, गियर बदलावे लागत नाहीत, आणि एका स्क्रूने बापाला तिचा वेग बांधून ठेवता येतो. मुलगा जसा हुशार होतो, तसा बाप स्क्रू थोडा थोडा सैल करतो. वाढत्या मुलास स्वातंत्र्य द्यावयाची याहून चांगली रीत आम्हांस तरी ठाऊक नाही. त्यानंतर ६५ ची गाडी येते. तीत क्लच व गियर येतात. मग ८५ ची, आणि पुढे १२५ ची. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या कनिष्ठ जागतिक स्पर्धाही ६५, ८५ व १२५ अशाच वर्गांत होतात.

अमेरिकेत टेनेसी राज्यातील हरिकेन मिल्स येथे, लोकगायिका लोरेटा लिन यांच्या मळ्यावर, १९८२ पासून दर उन्हाळ्यात हौशी स्वारांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. कुटुंबेच्या कुटुंबे तेथे मुक्कामास येतात. पुढे अजिंक्य ठरलेला रिकी कार्मायकल लहानपणी याच मातीत तयार झाला. युरोपात बेल्जियमच्या एव्हर्ट्स घराण्याचे उदाहरण देता येईल. वडील हॅरी चार वेळा जगज्जेते, आणि मुलगा स्टेफान दहा वेळा. त्याने पहिले पद १९९१ साली वयाच्या अठराव्या वर्षी मिळविले.

१९९८ साली यामाहाने वायझेड-४०० एफ ही चार धावांची गाडी बाजारात आणल्यापासून मोठ्या वर्गांतून टू-स्ट्रोक हळूहळू मागे हटले. होंडाने तर २००७ नंतर टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या बनविणेच सोडले. मुलांच्या वर्गात मात्र ते टिकून आहे. त्याचे कारण साधेपणा. शर्यतीच्या इंजिनाचा दट्ट्या व कडी ठरावीक तासांनी बदलावीच लागते. टू-स्ट्रोकमध्ये हे काम थोड्या हत्यारांनी घरच्या पडवीत करता येते. प्रत्येक स्वारीनंतर हवेचा फिल्टर धुऊन त्याला तेल लावावे लागते, साखळी ताणून पाहावी लागते, चाकाच्या तारा तपासाव्या लागतात. एक तास गाडी चालविण्यासाठी दोन तास हात काळे करावे लागतात, आणि आमच्या मते या खेळाचा खरा लाभ त्या दोन तासांतच आहे. ज्याने इंजिन स्वतः उघडून पाहिले आहे, तो त्याला उगाच पिळत नाही.

धोका झाकून चालणार नाही

इतके सांगितल्यावर दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. हा खेळ धोक्याचा आहे. मनगट, गळपट्टीचे हाड व पाय मोडणे यात नवलाचे नाही, आणि डोक्याला व मणक्याला झालेल्या दुखापती जन्मभर पुरतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सोळा वर्षांखालील मुलांनी अशी रानवाहने चालवू नयेत, असा स्पष्ट सल्ला दिला आहे. म्हणून जेथे हा खेळ चालतो तेथे नियम कडक असतात. पूर्ण हेल्मेट, गॉगल, छाती व पाठीचे कवच, गुडघ्याचे संरक्षक, हातमोजे व गुडघ्यापर्यंतचे जाड बूट यांवाचून मुलास मार्गावर घेत नाहीत. सर्वांची दिशा एकच असते. समोरून ट्रक येत नाही, बैल आडवा जात नाही. वळणावळणावर निशाणधारी माणूस उभा असतो. पिवळे निशाण हलले की पुढे कोणी पडले आहे असे समजून वेग आवरावयाचा, आणि कोणास मागे टाकावयाचे नाही. मुलगा कितीही पुढे असो, हा नियम मोडला तर त्याला शिक्षा होतेच.

आता आपल्या गावाकडे पाहू. अशी गाडी आपल्या घरांत येण्याचा संभव थोडा. अमेरिकेत तिची किंमत पाच हजार डॉलरांच्या आसपास आहे, आणि ती चालविण्यास बंदिस्त मार्ग हवा. परंतु तेराचौदा वर्षांची मुले बापाची शंभर-सव्वाशेची गाडी घेऊन, मागे दोघांस बसवून, उघड्या डोक्याने हमरस्त्यावरून जाताना कोणी पाहिली नाहीत? तिकडचा मुलगा ७३ किलोंची गाडी कवच घालून, निशाणधाऱ्याच्या नजरेखाली चालवितो, आणि तरी तेथील वैद्य काळजी करतात. आपला मुलगा त्याहून कितीतरी जड गाडी, मालट्रकांच्या गर्दीत, अंगात सदरा व पायांत चपला घालून चालवितो, आणि आपण कौतुकाने म्हणतो, “पोरगा हुशार झाला, दूध घालून येतो.”

कायदा याविषयी संदिग्ध नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविण्यास अठरा वर्षे पूर्ण हवीत. केवळ ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीस सोळा वर्षांची सवलत आहे, आणि तीही परवाना घेऊनच. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालक वा गाडीचा मालक यांस जबाबदार धरले आहे. पंचवीस हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, बारा महिने गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही, अशी ही शिक्षा आहे. दंडाचे पैसे कष्टाने का होईना पुन्हा उभे करता येतात. रस्त्यावर गेलेला मुलगा परत येत नाही.

मग मुलाची ओढ मारून टाकावी काय? तसे आम्ही म्हणत नाही. त्याच्या हातात आधी किल्ली न देता पाना द्यावा. प्लग काढून साफ करणे, साखळीस तेल घालणे, ब्रेक जुळविणे, फवारणीच्या पंपाचे तेलपेट्रोल मोजून मिसळणे ही कामे बारा वर्षांचा मुलगा बापाशेजारी बसून उत्तम शिकतो. सायकलवर त्याला तोल, वळण व ब्रेक यांचे शिक्षण द्यावे. माळावर दगड मांडून त्यांमधून सायकल फिरवावयास लावावी. परवान्याचे वय झाले की पहिल्या दिवसापासून हेल्मेट, आणि बापाच्याही डोक्यावर हेल्मेट, कारण मुलगा कानांनी थोडे आणि डोळ्यांनी फार शिकतो.

पीडब्ल्यू-५० वरचा तो लहानसा स्क्रू पालकांनी ध्यानात ठेवावा. तो एकदम काढून फेकावयाचा नसतो, आणि गंजेपर्यंत घट्टही ठेवावयाचा नसतो. मुलाचे वय, त्याची समज व त्याने दाखविलेली शिस्त पाहून तो किती व केव्हा सैल करावा, हे ठरविणे कंपनीचे काम नव्हे, पोलिसाचेही नव्हे. ते काम आईबापांचेच आहे.