वेरूळच्या भोसल्यांचे नाटक आणि बरोक ऑपेरा

चिकलठाणा विमानतळावर उतरणारा पर्यटक थेट वेरूळची लेणी गाठतो. त्याच वेरूळच्या भोसले घराण्याची एक शाखा सतराव्या शतकात तंजावरला राज्य करू लागली आणि तिच्या दरबारात मराठी संगीत नाटके लिहिली गेली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे १६८४ मध्ये तंजावरच्या गादीवर आले. त्यांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' १६९०च्या सुमाराचे मानले जाते. विष्णुदास भावे यांचे 'सीता स्वयंवर' सांगलीत झाले ते १८४३ मध्ये!

याच काळात युरोपात बरोक ऑपेरा भरात होता. हेन्री पर्सेल यांचा 'डिडो अँड इनिअस' १६८९च्या सुमारास लंडनजवळच्या चेल्सी येथे मुलींच्या शाळेत सादर झाला. कथा पुराणातलीच. ट्रॉयचा वीर सोडून जातो आणि कार्थेजची राणी डिडो प्राणत्याग करते. कथा प्रेक्षकांच्या परिचयाची असे. उत्सुकता असे ती गायनाची. आपल्या लक्ष्मी-नारायण विवाहाचेही तसेच.

असा ऑपेरा आज उभा करायचा कसा? त्या काळच्या स्वरलिपीत साथीसाठी बहुधा केवळ खर्जाची ओळ आणि तिच्यालगत काही आकडे असत. त्यांवरून बाकीची स्वरसंगती वादकाने जागच्या जागी भरायची. डिडोच्या अखेरच्या विलापगीतात खर्जाची एकच उतरती ओळ लेहऱ्यासारखी पुन:पुन्हा येते आणि तिच्यावर गाणे फिरत राहते. या ऑपेराच्या नांदीवजा प्रवेशाचे शब्द उरले, संगीत मात्र हरवले. तरीही प्रयोग थांबले नाहीत. कुणी तो प्रवेश गाळतो, कुणी पर्सेल यांच्याच अन्य रचनांनी ती जागा भरून काढतो.

तंजावरच्या नाटकांपुढचा प्रश्न याच जातीचा आहे. सरस्वती महाल ग्रंथालयाने हस्तलिखिते जपली. परंतु गाण्याची रीत गुरुमुखातून चालत आलेली. ती कागदावर पूर्णपणे उतरत नाही. म्हणूनच असा प्रयोग मराठवाड्यात करायचा, तर जुनी मराठी जाणणारा अभ्यासक, कर्नाटक संगीताचा गायक आणि रंगकर्मी यांना एकत्र बसावे लागेल. मूळ प्रयोग जसाच्या तसा परत आणता येणार नाही. पण युरोपनेही तो हट्ट धरला नाही. उरले त्यावर विचारपूर्वक उभारणी केली. वेरूळच्या वारसांचे शब्द पुन्हा कानी पडावेत, यासाठी तेवढे धाडस आपणही करायला हवे.